एकमताची अडचण

माझा नवरा आणि मी एकाच खोलीत समोरासमोर बसून वादळांच्या जन्माचा तपास करतो. समुद्रावर चक्रीवादळ उठायच्या आधीचे वाऱ्यांचे नकाशे बघायचे आणि ठरवायचं: हे पूर्वेकडून आलेल्या लाटेतून जन्मलं, की दोन वारे एकमेकांना भिडून, की आधीच्या वादळाने मागे सोडलेल्या शेपटीतून. हा तिसरा गट माझा शोध, पोटच्या पोरासारखा जपलेला. आम्ही दोघांनी स्वतंत्रपणे निवाडा द्यायचा, मग त्यावरून संगणक बाकीची हजारो वादळं गटांत वाटणार.

आमचं सगळं जुळलं, अगदी एकूण एक वादळ. मी खुशीत निकाल पाठवला, तर आकडेमोड तपासणाऱ्या बाईच खोलीत आल्या. आम्ही त्यांना आकडेबाई म्हणतो. वयाने आमच्या मुलीएवढ्या, पण भीडभाड औषधालाही नाही.

"दोन माणसांचं इतकं कधी जुळत नाही," त्या म्हणाल्या. "हे एकच मत दोनदा लिहिलंय. जुने दोन गट सगळ्यांना मान्य आहेत, पण तुमचा तिसरा मला काढून टाकावा लागेल."

मी नवऱ्याकडे पाहिलं. आपण काय म्हणायचं ते कळावं म्हणून तो माझ्याकडेच बघत होता.

"तू माझं बघून लिहिलंस?"

"बघून नाही. विचारून."

घरी मला याचं कौतुक होतं. बहिणींच्या नवऱ्यांच्या तऱ्हा ऐकल्या की वाटायचं, आपला बरा, हो ला हो करतो. आता तोच हो माझ्या मुळावर उठला होता.

"या वेळी स्वतःच्या डोक्याने कर," मी बजावलं. "मला विरोध कर."

"बरं," तो म्हणाला. मी कपाळावर हात मारून घेतला.

आकडेबाईंनी त्याला जिन्याखालच्या सामानाच्या खोलीत बसवलं. संध्याकाळी बाहेर आला तेव्हा माझ्या तिसऱ्या गटातली जवळजवळ निम्मी वादळं त्याने उचलून दुसरीकडे टाकली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ही शेपटीतली नाहीत?"

"शेपटी असायला आधी वादळ लागतं." त्याने एकेका नकाशावर बोट ठेवलं. "इथे ते केव्हाच विझलंय. मला पहिल्यापासून वाटत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतकी खूश होतीस."

त्याचं बरोबर होतं. मला रडू आलं, आणि ते रागाचं की लाजेचं हेही ठरवता येईना. म्हणे वर्गीकरण करते.

आकडेबाई मात्र खुशीत होत्या. उरलेल्या वादळांवर आमचं वेगवेगळ्या खोल्यांत बसून जुळलं होतं. "लहान झाला, पण हा गट राहील," त्या म्हणाल्या. "आता याला अर्थ आहे."

घरी मी चहा ठेवला आणि डोक्यात किडा वळवळायला लागला.

"माझा चहा आवडतो म्हणतोस, ते?"

"गोड होतो थोडा."

"भिंतींचा हिरवा रंग?"

"जाऊ दे ना."

तरी विचारलंच. "आणि लग्नाला हो म्हणालास, ते?"

"मी कुठे हो म्हणालो?" कपावर फुंकर मारत तो म्हणाला. "मी विचारलं होतं. हो तू म्हणालीस."