लाल खुर्ची आणि मी

मी पुलपिट बोलतोय. चर्चमध्ये उपासनेच्या वेळी आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, ज्याच्यामागे उभे राहून उपदेश करतात, ते उंच लाकडी मेज. हल्ली कोपऱ्यात असतो, म्हणून पटकन ओळखू येत नाही.

मी अस्सल सागवानी. या इमारतीचं मुख्य दार बनवून उरलेल्या फळ्यांतून सुताराने मला घडवलं. रंधा मारला, कडा गोल केल्या, पॉलिश चढवलं आणि म्हणाला, "दाराचा भाऊ आहेस तू. लोकांना आत घे." मी ते मनावर घेतलं. किती लग्नांचे आशीर्वाद, किती शेवटचे निरोप माझ्यावर हात टेकून दिले गेले! पाळकसाहेब तर बोलताना माझ्या दोन्ही कडा घट्ट धरायचे. तिथलं पॉलिश उडालंय. तो माझा दागिना.

मग त्यांची मुलगी शिक्षण संपवून घरी आली आणि माझे दिवस फिरले.

"बाबा, लोक दर रविवारी क्षमेबद्दल ऐकतात आणि बाहेर पडताच एकमेकांकडे पाठ फिरवतात," ती म्हणाली. "ऐकून ऐकून कान निबर झालेत त्यांचे. एकदा क्षमा दिसू तर द्या! आधी छोटीशी नाटिका, मग तुमचा उपदेश."

पाळकसाहेब विरघळले. मला ढकलत कोपऱ्यात नेलं आणि माझ्या जागी आली कोण? तळघरातली लाल प्लास्टिकची खुर्ची! एक पाय वाकडा. नाटिकेत ती कधी बस व्हायची, कधी रुग्णालयातली खाट, कधी आजीची मांडी. आणि लोक रडायचे. तिच्याकडे बघून! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बरं, या नाटकवाल्यांकडे दारही नव्हतं. हवेतच कडी काढायची, हवेतच दार लोटायचं. आणि दाराचा सख्खा भाऊ इथे धूळ खात उभा.

माझ्या बाजूचा एकच माणूस होता, मंडळीचे, म्हणजे इथे उपासनेला जमणाऱ्या लोकांचे, ज्येष्ठ पंच. उपदेश लांबला की मनगट डोळ्यांसमोर धरायचे, म्हणून सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत.

"पोरी, देवाच्या घरात ही कसली सोंगं?" एका रविवारी ते म्हणाले. "आज शेवटची संधी. फसलं, तर पुन्हा नाटिकेचं नाव काढायचं नाही."

"कबूल, काका."

मी मनातल्या मनात प्रार्थना केली : फसू दे.

ती ऐकली गेली म्हणायची. बापाचं काम करणाऱ्या बेकरीवाल्याचा आवाजच बसला. मुलीने ऐनवेळी वडिलांनाच उभं केलं. गोष्ट साधी होती. भांडून गेलेली मुलगी खूप वर्षांनी घरी येते आणि बाप काहीही न विचारता तिला बसायला खुर्ची देतो.

मुलीने हवेतलं दार लोटलं. "बाबा, आले मी."

पाळकसाहेब खुर्चीतून उठले. हातांचं काय करावं, त्यांना कळेना. खिशात घातले, काढले, पाठीमागे बांधले. मग सवयीने सरळ कोपऱ्यात आले, माझ्या कडा धरल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "प्रिय बंधुभगिनींनो!"

हशा पिकला. घड्याळकाकांनी मनगट वर केलं. मी तर हरखून गेलो. शेवटी आले ना माझ्याकडेच!

मुलगी हसली नाही. ती त्या नसलेल्या दारातच उभी होती.

"बाबा, मी मंडळी नाही, तुमची मुलगी आहे," ती हळूच म्हणाली. "घरीसुद्धा तुम्ही माझ्याशी तिथूनच बोलता."

सगळ्या तालमी मी पाहिल्या होत्या. हे वाक्य त्यांत नव्हतं. हशा विरला. पाळकसाहेबांनी मला आणखी घट्ट धरलं. नका जाऊ, मी जीव एकवटून म्हणत होतो. पण एकेक बोट सुटत गेलं. ते तिच्यापर्यंत चालत गेले, लाल खुर्ची पुढे ओढली आणि एवढंच म्हणाले, "बस, बाळा. दमली असशील."

त्या दिवशी उपदेश झालाच नाही. घड्याळकाका बराच वेळ बसून होते. उठताना मुलीला म्हणाले, "पुढच्या वेळी जरा जास्त वेळ घे."

मी अजून कोपऱ्यातच आहे. जळतो का? जळतो. देवाच्या घरात उभं राहून खोटं कशाला बोलू?

पोरी, माझं एकच मागणं आहे. मला मधोमध नेऊ नकोस. पण तुझं ते हवेतलं दार आता बघवत नाही गं. पुढच्या नाटिकेत मला तिथे उभा कर. वाक्य नको, टाळ्या नकोत. तू फक्त मला लोटून आत ये.

खुर्ची मात्र माझ्यापासून जरा लांब ठेव.