सोनपेठ ८

अर्जाचं शेवटचं पान कोरं होतं. वर एकच ओळ छापलेली : ‘खेळाडू म्हणून माझे ध्येयपत्र. दोनशे शब्दांत, स्वतःच्या अक्षरात.’ संघप्रियाने ते पान दोन दिवस दप्तरात ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत माझ्यासमोर धरलं. तिने लिहिलं होतं, ‘मला देशाचे नाव मोठे करायचे आहे. मी खूप मेहनत करीन.’

“हे कोणीही लिहील,” मी म्हटलं. “धावणाऱ्या मुलीने लिहिलंय हे कशावरून कळायचं?”

“मग काय लिहू, मॅडम?”

“आकडे लिही. आज वेळ किती, तीन वर्षांनी किती, त्यासाठी रोज काय करणार.”

ती अकरावीत होती. छत्रपती संभाजीनगरच्या एका निवासी क्रीडा केंद्राचा तो अर्ज होता. मुलींसाठी तीन हजार मीटरची अट दहा मिनिटं चाळीस सेकंद. तिचं ते शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी वय बसणार नव्हतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्याकडे खेळाचे शिक्षक नाहीत. स्टॉपवॉच प्रयोगशाळेच्या कपाटात होतं, म्हणून तिची वेळ घेण्याचं काम तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं. मैदान लहान, तालुक्याच्या स्पर्धेत ती आठशे मीटरच धावायची. तीन हजार आम्ही सोनपेठच्या रस्त्यावर घ्यायचो. शाळेसमोर ‘सोनपेठ ११’ असा किलोमीटरचा दगड आहे. तिथून निघायचं आणि ‘सोनपेठ ८’ला हात लावून थांबायचं. दर रविवारी सकाळी ती पुढे, मी स्कूटीवर मागे. आठच्या दगडाजवळ कडुलिंब आहे. त्याच्याखाली तिचे वडील, सिद्धोधन, पाण्याचा तांब्या घेऊन उभे असायचे. ते याच रस्त्यावर रोजंदारीने काम करायचे. मागच्या मे महिन्यात डांबराच्या कामावर चक्कर येऊन पडले, ते उठले नाहीत. त्यानंतर तांब्या मी नेऊ लागले.

दुसरा मसुदा तिने चांगला लिहिला. ‘आज माझी वेळ दहा मिनिटे एकवीस सेकंद आहे. तीन वर्षांत मी ती नऊ मिनिटे पंचेचाळीस सेकंदांवर आणीन.’ पुढे रोजचा सराव, झोपेचे तास, आहार. आणि शेवटी एक वाक्य : ‘माझे वडील आठच्या दगडापाशी थांबायचे, मला रोज तिथपर्यंत पोहोचायचे आहे.’

“हे शेवटचं काढ,” मी म्हटलं. “त्यात आकडा नाही.”

तिने मान हलवली, पण खोडलं नाही.

मग मी माझा रकाना भरायला घेतला. ‘वेळ घेणाऱ्याचे नाव.’ लिहिलं. ‘अंतर कसे मोजले?’ तिथे पेन थांबलं. तीन वर्षं मी सेकंदाचा शंभरावा भाग लिहून ठेवला होता, आणि अंतर मात्र एकदाही मोजलं नव्हतं. दगडावर लिहिलेलं होतं, तेवढं मला पुरलं होतं.

त्याच संध्याकाळी मी शिपायाची सायकल मागून घेतली. चाकाचा घेर सुतळीने मोजला, दोन मीटर सात सेंटिमीटर. एका आरीला लाल रिबन बांधली आणि सायकल हाताने ढकलत, फेऱ्या मोजत निघाले. अकरा ते दहा, चारशे त्र्याऐंशी फेऱ्या. दहा ते नऊ, तेवढ्याच. नऊ ते आठ, चारशे नऊ.

मी परत नऊपर्यंत गेले आणि पुन्हा मोजलं. चारशे नऊ.

कडुलिंबाखाली रस्त्याचे मुकादम सटवाजी बिडी ओढत बसले होते. “मॅडम, चाकाला राखी बांधली का काय?”

“अंतर मोजतेय, मामा. हा दगड जागेवर नाही.”

“कसा आसंल? आमच्या सिद्धोधननं लावलेला हाय त्यो. रुंदीकरणात जेसीबीनं उपटून नालीत टाकला होता. साहेब म्हणले, नवे येतील. कुठले येतात! मग ह्यानं एकट्यानं खड्डा खांदला.”

“पण इथे का? मूळ जागा पुढे असणार.”

“हाय की, नळकांडी पुलाच्या पल्याड. तिकडं सावली हाय का कुठं? म्हणला, पोरगी पळत येती, दगडाला टेकती, लिंबाखाली आसला तर बरं. मी म्हणलो, आरं, सरकारी दगड हाय. तर म्हणला, मुकादम, सोनपेठ काय पळून जायलंय व्हय?”

ते हसले. मग माझ्याकडे बघून त्यांनी बिडी विझवली. “काय चुकलं का, मॅडम?”

मी पुढे मोजत गेले. पुलाच्या पलीकडे नऊपासूनच्या चारशे त्र्याऐंशी फेऱ्या भरल्या तिथे, बाभळीच्या झुडपात, जुन्या दगडाचा फुटलेला पाया होता. कडुलिंबापासून एकशे चोपन्न मीटर.

घरी येऊन मी तिच्या वेळांची वही काढली. दोन वर्षांपूर्वी रुंदीकरणामुळे आमचा सराव तीन आठवडे बंद होता. रस्ता रुंद झाला, कडेची बरीच झाडं गेली, त्यात दगड अलीकडे आल्याचं आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी तिची वेळ पस्तीस सेकंदांनी उतरली होती. आलेखात ती उडी स्पष्ट दिसते. तिच्याखाली माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘विश्रांतीचा परिणाम.’ त्या सोमवारी सिद्धोधननी शाळेत पेढे वाटले होते, आणि एक मीही खाल्ला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. तिची आई बायनाबाई ओसरीत तूर निवडत होती. मी दोघींना सगळं सांगितलं. दगड कुणी लावला, का लावला, तेही.

संघप्रियाने तुरीतला एक खडा उचलून अंगणात टाकला. मग म्हणाली, “म्हंजे दोन वर्षं मी तीन किलोमीटर पळालेच न्हाई?”

“दोन हजार आठशे शेहेचाळीस मीटर.”

“आन् खरी वेळ?”

“हिशेबाने दहा पंचावन्नच्या आसपास.”

बायनाबाईने सूप खाली ठेवलं. “म्हंजे हिच्या बापानं नुकसान केलं म्हणायलात का तुमी?”

“नाही. मोजायचं काम माझं होतं.”

“त्यानं सावली बघितली,” बायनाबाई म्हणाली. “त्याला मीटर कळत नव्हतं.”

“पप्पाला म्हाईत होतं का, मॅडम?” संघप्रियाने विचारलं. “वेळ कशानं कमी झाली ते?”

“मला माहीत नाही.”

हे खरं होतं. पेढे वाटताना त्यांचा चेहरा कसा होता, ते आठवायचा मी आदल्या रात्री प्रयत्न केला होता. आठवला नाही.

अर्ज पाठवायला नऊ दिवस होते. रविवारी मी पुलापलीकडे फक्कीची पांढरी रेघ मारली आणि तिथेच उभी राहिले. सटवाजींनी अकराच्या दगडापासून मला फोनवर ‘सोडली’ असं सांगितलं. ती वळणावर दिसली. वेग चांगला होता. कडुलिंबापाशी आली, हात पुढे गेला, दगडाला लागला आणि ती उभी राहिली.

मी ओरडले. ती वाकून श्वास घेत होती. मी पोहोचले तेव्हा म्हणाली, “मी न्हाई थांबले, मॅडम. पाय थांबले.”

बुधवारी पुन्हा घेतलं. या वेळी ती रस्त्याच्या पार दुसऱ्या कडेने आली, दगडापासून जितकं लांब जाता येईल तितकं. रेघ ओलांडली. दहा मिनिटं अठ्ठावन्न. शनिवारी पुन्हा, दहा छप्पन्न. सोळा सेकंद जास्त. उरलेल्या दिवसांत सोळा सेकंद कमी होत नाहीत. हे तिला सांगावं लागलं नाही.

“पाठवायचा का अर्ज?” मी विचारलं.

“पाठवू की. पान लिहून झालंय.”

तिने नवं पान दिलं. ‘आज माझी वेळ दहा मिनिटे छप्पन्न सेकंद आहे.’ तीन वर्षांनंतरचा आकडाही तिने बदलला होता, दहा मिनिटे दहा सेकंद. झोप, आहार, सराव, सगळं जागच्या जागी. खालचं वाक्य नव्हतं.

“वडिलांचं काढलंस?”

“तुमीच म्हणला होता, त्यात आकडा न्हाई.”

“असू दे ते. लिही पुन्हा.”

“नगं, मॅडम.” तिने पेनाचं टोपण लावलं. “तिथं पोचून कुठं काय झालं?”

मी माझा रकाना भरला. ‘अंतर कसे मोजले?’ ‘सायकलच्या चाकाने. चौदाशे एकोणपन्नास फेऱ्या.’ सही केली.

फेब्रुवारीत यादी लागली. मोबाइलवर मी ती दोनदा वाचली, वरून खाली आणि खालून वर. तिला सांगितलं तेव्हा ती प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होती. “बरं,” म्हणाली आणि उरलेल्या नळ्या धुऊन, उपड्या करून, स्टँडला लावून गेली.

त्या रविवारी ती येईल असं मला वाटलं नव्हतं. तरी मी घड्याळ आणि तांब्या घेऊन गेले. ती अकराच्या दगडापाशी उभी होती.

“कशासाठी पळायचं आता, असं आई म्हणायली,” ती म्हणाली.

“मग तू काय म्हणालीस?”

“रविवार हाय म्हणलं.”

सटवाजी मध्यंतरी म्हणाले होते, दगड उपटून मूळ जागी लावतो, अर्ध्या तासाचं काम. मी तिला विचारलं. ती म्हणाली, राहू द्या, सावलीला बरा हाय. त्यामुळे फक्कीची रेघ मला दर वेळी नव्याने मारावी लागते.

आता ती दगडाजवळूनच जाते, दुसऱ्या कडेला जात नाही. थांबतही नाही. फक्त कडुलिंबापाशी आल्यावर तिची मान एका पावलापुरती सावलीकडे वळते आणि पुन्हा समोर येते. मी रेघेवर उभी असते, घड्याळ हातात चालू असतं. त्या वळण्यात किती वेळ जातो, ते मी मोजलेलं नाही.