हिशेबातून कापलेला चहा

योगिताला हिशेबात गंडवायची कुणाची टाप नव्हती. नरपडच्या मासे विकणाऱ्या बाईची लेक ती. सरकार आणि खाजगी डॉक्टर मिळून टीबीचे उपचार करत होते. एका रोग्यामागे खर्च किती पडतो, हे काढायचं काम तिच्या डहाणूच्या संस्थेकडे आलं, तेव्हा ती घड्याळ घेऊन हिराबाईच्या मागोमाग फिरली.

हिराबाई तलासरीकडच्या पाड्यांवर घरोघर गोळ्या द्यायची. गोळी गिळायला कितीसा वेळ? बाकी सगळा कोरा चहा आणि गप्पा. योगितानं तो वेळ वाया म्हणून कापला. खर्च झपकन खाली आला, संस्थेचे साहेब खूश झाले, योगिताच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"मावशी, गोळी द्यायची, निघायचं. बसायचं नाही," तिनं गोडीत बजावलं. हिराबाईनं बिचारीनं ऐकलं.

आणि चिकूच्या वाडीत मजुरी करणाऱ्या, लडक्या नावाच्या तिच्या एका रोग्याच्या खोकल्यातून रक्त पडलं. हिराबाईनंच हयगय केली, तिला काढा, असं साहेबांनी ठरवलं आणि योगिताला चौकशीला धाडलं. खरं काय ते तिला मनातून कळलं होतं. पण साहेबांपुढे ते कबूल करायला ती धजली नव्हती, आणि त्यामुळे तिला स्वतःचीच किळस येत होती.

हिराबाईला घेऊन ती लडक्याच्या झोपडीत आली. लडक्याच्या बायकोनं, जिवलीनं, चुलीवर चहा ठेवला. हिराबाई दारातच उभी राहिली.

"मावशी, बसा ना," योगिता म्हणाली.

"बसू? चालंल ना तुमाला?"

योगितानं मान खाली घालून हो म्हटलं.

चहा आला. हिराबाईनं पोरांचं विचारलं, कोंबड्यांचं विचारलं. भिंतीकडे तोंड करून पडलेला लडक्या हळूच वळला.

"गोळी खाल्ली का ओकारी यायची. कामावर उभं राहवत नव्हतं. मंग तू वळलीस का थुकून टाकायचो."

"अरे, मंग बोलला का नाय?"

"तू बसलीस कवा?"

हिराबाईचा चेहरा उतरला. "माजंच चुकलं," ती म्हणाली.

योगितानं न पिताच कप खाली घेतला. "नाही मावशी. बसू नका म्हणून मीच सांगितलं होतं. साहेबांनाही तेच सांगते. आधी याला दवाखान्यात नेऊ, गाडी बोलावते."

जिवली तिच्याकडे बघत राहिली. मग पुढे होऊन तिनं योगिताच्या हातातला कप काढून घेतला, आणि त्यातला चहा हिराबाईच्या कपात ओतला.