मापाची सायकल

मित्रांनो, मी दमले आहे. नाव-गाव सांगण्याआधी हे सांगून टाकते, म्हणजे मधेच माझा आवाज बारीक झाला तर तुम्ही समजून घ्याल. बारीक टायरची, पोलादी नळ्यांची, मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलची मी एक शर्यतीच्या घाटणीची सायकल. जन्म इटलीचा. मुक्काम सध्या सिडकोतल्या एका घराच्या हॉलमध्ये, टीव्ही आणि चपलांच्या कपाटाच्या मधल्या जागेत. वय विचारू नका. तुमच्या वडिलांपेक्षा मोठी आहे एवढं धरून चाला.

माझा कारागीर एका लहान गावात, तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत काम करायचा. तुम्हाला वाटेल, त्यानं आधी नळ्या कापल्या असतील. नाही. आधी त्यानं गिऱ्हाइकाला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि इथला गुलमंडीवरचा शिंपी पँटचं माप घेतो तसं त्याच्या पायांचं, कमरेचं, हातांचं माप घेतलं. गिऱ्हाईक म्हणजे एक बुटका, किडकिडीत घड्याळजी होता. त्याच्या मापानं नळ्या कापल्या गेल्या. टोकाला जाड, मधे पातळ. नक्षीदार जोडण्यांमध्ये त्या बसवून पितळ वितळवून सांधल्या गेल्या. मग रंग चढला, वांग्याचा. उन्हात जांभळा दिसतो, सावलीत काळा.

घड्याळजी मला रविवारी बाहेर काढायचा, गावामागच्या टेकड्यांना वळसा घालायचा आणि जेवायच्या वेळेला घरी परत. शर्यत मी कधीच पळाले नाही. त्यानं सीटची उंची एकदा ठरवली ती ठरवली. त्याच जागी वर्षानुवर्षं आवळून आवळून सीटखालच्या नळीवर एक बारीक रेघ उमटली. ती रेघ तेवढी लक्षात ठेवा.

घड्याळजी गेला. त्याच्या पुतण्यानं मला तळघरात कांद्यांशेजारी ठेवलं. तिथून एका जुन्या सायकलींच्या व्यापाऱ्याकडं, तिथून खोक्यात बसून पुण्याला, आणि पुण्याहून इथं. प्रवासाचं मी फार सांगत नाही. खोक्यात असताना काही दिसत नाही, आणि कंटाळा तर तुम्हीही ओळखता.

मला घेतलं अभयरावांनी. शेंद्र्याला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. आतापर्यंत मी बरीच माणसं न्याहाळली आहेत, आणि माझा एक ठोकताळा आहे: माणूस जुनी वस्तू घेतो तेव्हा तिच्याबरोबर स्वतःचंही एक चित्र घेतो. अभयरावांच्या चित्रात दौलताबादचा घाट होता, सकाळचं कोवळं ऊन होतं, आणि वांगी रंगाच्या सायकलवर पोट नसलेले अभयराव होते. त्या चित्रापायी त्यांनी व्यापाऱ्याला सगळं विचारलं. नळ्या कुठल्या, रंग मूळचा का, ब्रेक तेव्हाचेच का, गिअरच्या दांड्या खालच्या नळीवरच आहेत ना. माप विचारलं नाही. आपल्याकडं सायकलचं माप म्हणजे चाकाचं माप, बावीसची नाहीतर चोवीसची. सीट वर-खाली केली की तीच सायकल अख्ख्या घराला होते. त्यामुळं हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आलाच नाही. आणि अभयराव आहेत चांगले उंचपुरे.

मी आले त्या दिवशी त्यांचे वडील तात्यासाहेब फुलंब्रीहून आलेले होते. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. बाजारात जनावर बघतात तशी.

"स्टँड कुठंय हिचं?"

"नसतं, तात्या."

"कॅरियर?"

"तेही नसतं. रेसिंगची आहे ती."

"मडगार्ड बी नाय? मंग पावसाळ्यात पाठीवर चिखलाची रांगोळी काढायची व्हय?" तात्यासाहेब खुर्चीत बसले. "तू तर अर्धीच आणली की रे. बाकीची कवा येणार हाय?"

अभयरावांना राग आला. मला नाही आला. इतक्या वर्षांत मला कुणी इतकं नीट बघितलं नव्हतं.

पहिल्याच रविवारी आम्ही दौलताबादला गेलो. खोटं नाही सांगणार, तो दिवस चांगला होता. जुन्या पोलादाची एक गंमत असते. रस्त्याचा धक्का ते थोडा गिळतं, आणि पायाचा जोर थोडा वाढवून परत देतं. नव्या हलक्या सायकली भराभर पळतात, पण खड्ड्यातून गेल्या की दात वाजतात. घाटाच्या वळणावर अभयराव एकटेच मोठ्यानं हसले होते. तेवढ्या हसण्यासाठी माणसं मला समुद्रापलीकडून आणतात, आणि मला ते पटतं.

घाट उतरताना मात्र त्यांचे गुडघे कोपरांना लागायला लागले. घरी येईस्तोवर कंबर धरली. पुढच्या वेळी त्यांनी सीट वर केली, त्याच्या पुढच्या वेळी आणखी वर, शेवटी वर करायला नळीच उरली नाही. मग एक दिवस त्यांनी दुखऱ्या कमरेला आधार म्हणून शर्टाच्या आतून कंबरपट्टा बांधला. आणि घरात जाहीर केलं, "ही रोज काढायची वस्तू नाही. हिला जपायला हवं. कुणी हात लावू नका."

मित्रांनो, "जपायला हवं" हे फार सोयीचं वाक्य आहे. जे आपल्याला जमत नाही ते त्याच्याखाली झाकून ठेवता येतं.

त्यानंतर माझे कौतुकाचे दिवस आले. रविवारी अभयरावांचे सायकलवाले मित्र चहाला यायचे. त्यांच्यातला शिवराज माझ्या नळीवर नखानं टिचकी मारायचा, कान लावून ऐकायचा आणि डोळे मिटायचा. "क्या चीज है, अभय भाऊ!" अभयराव सांगायचे, "आल्प्सच्या शर्यतीत पळालीय ही." मी कांद्यांशेजारी होते हे मी कुणाला सांगणार? शिवराजनं एकदा विचारलंही, "भाऊ, तुमच्या हाइटला जरा छोटी नाही का?"

"इटालियन फिटिंग असंच असतं," अभयराव म्हणाले.

माझ्या कारागिरानं हे ऐकलं असतं तर तो त्या दिवशी जेवला नसता.

या सगळ्यात एकच माणूस मला फोटोसाठी धरत नव्हतं. अभयरावांच्या पत्नी, संध्याताई. हॉल झाडताना त्या मला बाजूला सरकवायच्या. सरकवताना त्यांची बोटं दर वेळी ब्रेकवर जायची. एकदा दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. पाहुणे हँडल धरतात. ज्यानं खरंच सायकल चालवलेली असते तो आधी ब्रेक चाचपतो. मी हे मनात नोंदवून ठेवलं, पण नोंदवून करते काय? बाईमाणसाची सायकल म्हणजे बिनदांडीची, हे या घरात न बोलता ठरलेलं होतं. आणि हात लावू नका असं सांगितलेलंच होतं. त्या झाडून झालं की मला जागच्या जागी ठेवायच्या, अगदी होती तशी.

दसरा जवळ आला आणि अभयरावांनी भिंतीत दोन मोठे हुक ठोकले. दसऱ्याची पूजा झाली की मी वर जाणार होते, कायमची. पाहुण्यांना खालून दिसावी म्हणून वर दिवाही लावून घेतला. मित्रांनो, भिंतीवर गेलेली सायकल सहसा खाली येत नाही. टायर वाळून तडकतात, वंगण डिंकासारखं होतं, आणि साखळी एकदा गंजली की ती वळायचं विसरते. मी घाबरले होते. पण खरं सांगू? थोडं बरंही वाटलं होतं. उभं राहून राहून कंटाळलेल्याला लटकणंसुद्धा बदल वाटतो.

दसऱ्याच्या सकाळी दारात सगळ्या गाड्या धुऊन उभ्या राहिल्या. अभयरावांची कार, संध्याताईंची स्कूटी, आणि स्टँड नसल्यामुळं फाटकाला टेकवलेली मी. मला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं. मी पोळ्याच्या बैलासारखी दिसत असणार. संध्याताईंनी ओवाळलं. तात्यासाहेबांनी कारच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, अभयरावांनी कार पुढं घेतली, लिंबू फुटलं. मग स्कूटीचं. मग तिसरं लिंबू घेऊन तात्यासाहेब माझ्याकडं आले.

"हिला नको, तात्या. संध्याकाळी भिंतीवरच जायचीय."

"पूजेची गाडी जाग्यावर ठेवत नसतेत. एक फेरी मारून आण."

"टायर नाजूक आहेत हो तिचे."

"लिंबू हाय ते. खिळा नाय."

शिवराज सोनं द्यायला आला होता, हातात आपट्याची पानं. त्यानं दुसऱ्या हातानं मोबाइल काढला. "मारा ना भाऊ, रील करतो. इटालियन सायकल, दसरा स्पेशल!"

अभयरावांनी माझं हँडल धरलं. त्यांनी दांडीवरून पाय टाकायला उचलला आणि तो अर्ध्यातच थांबला. नव्या कुडत्याखाली कंबरपट्टा करकरला. ते तसेच उभे, एक पाय जमिनीवर, एक हवेत.

"काय झालं हो?" संध्याताईंनी विचारलं.

"काही नाही."

"मंग बस की," तात्यासाहेब म्हणाले. "का भिंतीवर जाऊन फेरी मारणार हायेस?"

शिवराज हसला. अभयरावांचा पाय परत जमिनीवर आला. ते माझ्या हँडलकडं बघत हळूच म्हणाले, "ही मला बसत नाही, तात्या. लहान पडते."

"कवापासून?"

"आणली तेव्हापासून."

माझ्याबद्दल मी पुष्कळ ऐकलं आहे, आल्प्सपासून अर्धवटापर्यंत. या घरात माझ्याविषयी बोललेलं हे पहिलं सरळ वाक्य होतं. तात्यासाहेब मोठ्यानं हसणार होते, तोंड उघडलंही होतं. पण लेकाचा कमरेवरचा हात दिसला आणि त्यांनी ते हसू गिळलं. "मंग बोलायचं नाय व्हय रे आधी," एवढंच म्हणाले. शिवराजनं मोबाइल खिशात घातला. तेवढं मी त्याच्या जमेला धरलं आहे.

संध्याताईंनी ओवाळणीचं ताट तात्यासाहेबांच्या हातात दिलं. "हे धरा. आलेच."

त्या परत आल्या तेव्हा साडी नव्हती. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गच्च बांधलेली.

"सूनबाई, दांडीची हाय बरं का ती."

"माहेरी करमाडला आमच्या अण्णांचीही दांडीचीच होती, तात्या. शाळेत मी काय उडत जायचे का?"

अभयराव म्हणाले, "तू कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं? स्कूटी आणून दिली, मी चालवली." मग जरा नरम आवाजात, "सीट खाली घ्या ना माझ्यासाठी."

अभयराव पाना घेऊन माझ्याशेजारी उकिडवे बसले. कंबर दुखत होती, तरी बसले. बोल्ट सैल केला, सीट दाबली. "सांग कुठं." "अजून खाली. अजून थोडी. बास." त्यांनी बोल्ट आवळला. मित्रांनो, सीट नेमकी त्या रेघेवर आली होती. घड्याळजीच्या रेघेवर. एवढी जमीन, एवढा समुद्र आणि एवढी वर्षं मधे गेली, आणि माझ्या मापाचं माणूस मला हात लावू नका असं बजावलेल्या घरात रोज माझ्याभोवतीचा केर काढत होतं.

संध्याताई बसल्या. तात्यासाहेबांनी ठेवलेल्या लिंबावर चाक जरा उडालं. त्या डुगडुगल्या, मग सावरल्या. गल्लीच्या टोकाला त्यांनी खाली हात घालून गिअर बदलला, साखळी खडखडली आणि बसली. आम्ही मुकुंदवाडी स्टेशनाच्या दिशेनं निघालो. एक फेरी ठरली होती. त्या वळल्याच नाहीत.

मागं घरी काय झालं ते तात्यासाहेबांनी आल्या-गेल्याला इतक्यांदा सांगितलं आहे की मला पाठ झालं. अभयराव फाटकाशी येरझाऱ्या घालत होते. ताटातलं निरांजन विझलं. तात्यासाहेब म्हणाले, "कुणाची काळजी लागली रे, सायकलीची का बाईची?" अभयराव म्हणाले, "माहीत नाही." तात्यासाहेब म्हणाले, "तिच्यासमोर असं म्हणू नको."

आम्ही परत आलो तेव्हा संध्याताई घामानं भिजल्या होत्या. माझ्या ब्रेकच्या तारेत आपट्याची फांदी खोचलेली होती. त्यांनी एक पान तोडून अभयरावांच्या हातात ठेवलं. "सोनं घ्या," त्या धापा टाकत म्हणाल्या.

संध्याकाळी मी भिंतीवर गेले नाही.

म्हणून तर दमलेय. आता रोज पहाटे बाहेर पडायचं, कधी चिकलठाण्यापर्यंत, कधी त्याच्याही पुढं. येताना शर्यतीच्या हँडलला मेथीची जुडी लटकते, कधी कोथिंबीर. रंगावर नवे ओरखडे पडलेत. अभयराव ते बघतात, डोळे मिटतात, आणि साखळीला तेल घालतात. पाहुण्यांना सांगतात, "संध्याच्या मापाची आहे." आल्प्सचं मात्र अजून सोडलेलं नाही. तेवढं मी चालवून घेते. भिंतीवरचे हुक रिकामे नाहीत. एकाला संध्याताईंचं हेल्मेट असतं, दुसऱ्याला अभयरावांचा कंबरपट्टा. वरच्या दिव्याचा उजेड त्याच्यावर पडतो.

मित्रांनो, सांधे दुखतात माझे. पितळ जुनं झालं आहे, एक दिवस एखादी जोडणी सुटेल. तेव्हा रस्त्यावर असेन, हे मला पुरेसं आहे. तुमच्या घरातही कुणी जपून ठेवलेली एखादी वस्तू असेल. एकदा तिचं माप बघा, आणि घरात सगळ्यांना विचारा, ज्यांना कधी विचारलं नाही त्यांना आधी.

आता बोलवत नाही. सकाळी परत निघायचं आहे. मला स्टँड नाही, तेव्हा भिंतीला टेकवून ठेवा. टांगू नका.