आत्याला विमानतळावर सोडणारी बस

मित्रांनो, लुसाकाहून दार-ए-सलामला जाणारी ती निळी, नाकावर पोचा पडलेली जुनी बस म्हणजे मी. सीमा ओलांडायची, घाट चढायचे, तेव्हा कुठे दोन दिवसांनी समुद्र दिसतो. आणि ते विमान? तीन तासांच्या आत तिथे! मेल्याला धूळ नाही की खड्डा नाही. होय, मला हेवा वाटतो. लपवायचं कशाला?

नवी होते तेव्हा माझाही थाट होता. लोक माझ्यासमोर उभं राहून फोटो काढायचे. पुढे ऐपतवाले विमानाने जाऊ लागले. माझ्या सीटमधला कापूस बाहेर आला, काचा कुणी पुसेना. राहिली एक चिसेंगा आत्या. सुक्या माशांचा तिचा धंदा. जातायेता ती माझ्याच खिडकीशी बसायची.

यंदा दार-ए-सलामला तिच्या भाचीचं लग्न होतं. आत्याने हात धरल्याशिवाय त्यांच्याकडे नवरी घराबाहेर पाऊल टाकत नाही.

"भाची विमानाचं तिकीट पाठवत होती," आत्या चालकाला, लुबिंडाला म्हणाली. "मी म्हटलं, राहू दे. माझी गाडी आहे."

माझी गाडी! मी फुगून गेले. पण वाटेतलं कब्वे शहर गाठलं आणि कळलं, पुढचा पूल खचलाय, रस्ता बंद. सगळ्यांनाच परत फिरावं लागणार होतं. आत्या मात्र रडकुंडीला आली.

"पोरगी उंबऱ्यात बसून राहील रे."

"भाचीला फोन लावा, आई. तिकीट काढ म्हणा. लुसाकाहून संध्याकाळचं विमान आहे, मी सोडतो तुम्हाला."

"त्या उडत्या डब्यात बसू मी?"

"मग काय, पूल डोक्यावर घेऊन जाऊ?"

त्या विमानाच्या दारात हिला मीच नेऊन सोडायचं? एका चाकातली हवा सोडली असती की काम झालं असतं. पण आत्याने पुढची सीट घट्ट धरली होती आणि ती सारखी घड्याळाकडे पाहत होती. मग मी धावले, मित्रांनो. म्हातारपणी अशी कधी धावले नव्हते.

विमानतळावर रखवालदार खेकसला, "हा खटारा इथे नको, मागे घ्या." आत्या गाठोडं सावरत आत पळाली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. थोड्या वेळाने ते विमान माझ्या डोक्यावरून गेलं.

तीन दिवसांनी लुबिंडाला तिचा फोन आला.

"पोचले रे वेळेवर. पोरीचा हात धरून बाहेर आणली. आणि काय ते विमान! चहा पिऊन होत नाही तोवर समुद्र. आता येतानाही त्यातूनच येणार."

"आणि आमची म्हातारी?"

"तिच्यातून माझे मासे आण."

लग्नात विमानाचं कौतुक झालं असेल. विमानापर्यंत कुणी पोचवलं, हे कुणी विचारलंही नसेल.

मित्रांनो, तुम्ही खुशाल विमानाने जा. पण जुन्या गाडीची सीट फाडू नका, काचेवर नावं कोरू नका, कधीतरी फडका फिरवा. आणि वरून जाताना मी खाली दिसले, तर हात हलवू नका. माझा नुसता जळफळाट होतो.