मालतीबाईंची तीन दिवसांची कैद

मधवाल्या म्हातारीनं तोंडावर दार लावलं, तेव्हा मालतीबाईंना आधी वाटलं, आपलंच बोट चुकीच्या बटणावर पडलं असेल. त्यांनी पुन्हा दार वाजवलं. स्क्रीनवर म्हातारीचं उत्तर उमटलं. इंग्रजीत होतं, पण अर्थ सरळ होता: चोरांना इथं थारा नाही.

चोर! आणि कोण, तर मालतीबाई!

एकतीस वर्षं गावातल्याच एका शाळेत भूगोल शिकवलेली ही बाई. फळ्यावर आल्प्स काढला, नाईल काढली, आणि स्वतः गेल्या कुठं? माहेरी दुधनीला, आणि यजमानांच्या ऑफिसच्या सहलीत एकदा तिरुपतीला. निवृत्त झाल्यावर मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांना हा खेळ सापडला. डोंगर, जंगलं, एक ड्रॅगन आणि धुक्यानं झाकलेला अख्खा नकाशा. तुम्ही ज्या वाटेनं चालाल, तिथलंच धुकं हटणार. पहिल्या दिवशी त्या नुसत्या एका नदीच्या काठाकाठानं चालत राहिल्या. कुठं चाललीस, कधी येणार, आमच्या जेवणाचं काय, असं तिथं कुणीही विचारलं नाही. तेवढ्यावरच त्या खेळाच्या प्रेमात पडल्या.

त्याला आता आठ महिने झाले होते. ड्रॅगन त्यांनी मारला नव्हता. त्याच्याशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. त्या झाडपाला गोळा करत, डोंगर चढत, आणि गावात शिरल्या की एकच नियम पाळत: कुणाच्या घरातल्या वस्तूला हात लावायचा नाही. खेळ लावू देत होता. ताटातला पाव, पेटीतली नाणी, काय हवं ते उचला. पण मिळतंय म्हणून उचलायचं, हे कुठलं वळण? हळूहळू गावं त्यांना ओळखायला लागली. लोहार हात उंचावायचा. मधवाली म्हातारी दारातून हाक मारून पोळ्याचा तुकडा हातावर ठेवायची.

आणि आज ती दार लावून घेत होती. मालतीबाईंनी नकाशा उघडला. धुक्याचा एक ठिपका शिल्लक नव्हता.

"सुबोध!"

पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेला मुलगा कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खात बाहेर आला. "बघितलंस का? सरप्राइज! काल तू बारशाला गेलीस ना, तेव्हा तुझा गेम संपवून टाकला. आठ महिने नुसती फिरत होतीस की! मी चार तासांत ड्रॅगन मारला."

"आणि त्या म्हातारीच्या घरात काय केलंस?"

"तलवार घ्यायला नाणी लागत होती. नकाशाही विकत घेतला. मग गावातली घरं साफ केली सगळी."

"माझा जुना खेळ कुठाय?"

"त्याच्यावरच सेव्ह केलं. अगं, खरी माणसं थोडीच आहेत ती?"

मालतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरी नाहीत म्हणे! या पोराला खरी माणसं तरी कधी दिसली होती? समोर ताट आलं की उचलायचं, इस्त्रीचा शर्ट दिसला की घालायचा. कुणी केलं, कधी केलं, विचारायचं काम नाही. आणि वर उपकार केल्याचा आव! चोरी यानं केली, पण नाव मालतीचं लावून, मालतीच्या तोंडानं. साऱ्या जगात त्यांनी स्वतःच्या पायांनी कमावलेली एवढी एकच जागा होती, आणि तिथं आता त्यांना दारात कुणी उभं करत नव्हतं.

"गेमच आहे की," यजमान गोपाळराव पेपरातून म्हणाले. "किती मनाला लावून घेशील? नवीन सुरू कर."

"नवीन नाही. सुबोध, बस इथं. प्रत्येक दारात जाऊन माफी माग."

सुबोध हसला. "आई, माफी मागायचं बटणच नसतं यात."

"या घरात तर बटण लागत नाही ना? मग छत्तीस वर्षांत एकदा तरी मागितलीस का?"

सुबोधचं हसू मावळलं. गोपाळरावांनी पेपर आणखी वर धरला.

मालतीबाई खुर्चीत बसल्या. खेळात स्वतः चालत चौकीवर गेल्या आणि शिपायापुढं उभ्या राहिल्या. त्यानं दोन पर्याय दिले: दंड किंवा तीन दिवस कैद. शिक्षा भोगली की नाव साफ होणार होतं. नाणी खिशात मुबलक होती, पण ती चोरीची. त्यांनी कैद निवडली. खेळातला एक दिवस म्हणजे घड्याळातला एक तास. झोपून तो चटकन ढकलायची सोय होती. ती त्यांनी वापरली नाही. चार भिंती आणि एक झरोका, एवढ्याकडं त्या बघत राहिल्या.

थोड्या वेळानं गोपाळराव घसा खाकरत मागं आले. "अगं, स्वयंपाकाचं काय?"

"मी कैदेत आहे," मालतीबाई मान न वळवता म्हणाल्या. "दोघं जा. स्वयंपाकघरात शिरायला कुणाच्या आमंत्रणाची वाट बघू नका."

मग आतून डब्यांची झाकणं उघडल्या-मिटल्याचे आवाज यायला लागले.

"आई," सुबोधनं हाक मारली, "ज्वारीचं पीठ कुठल्या डब्यात असतं?"

तो याच घरात वाढला होता. मालतीबाईंनी घड्याळाकडं बघितलं. सुटायला अजून दोन तास चाळीस मिनिटं होती.