लाईन सोड रं

मित्रांनो, मी चौलच्या एका आळीतला विजेचा जुना खांब आहे. गंजलो, वाकलो, पण बहिरा झालो नाही, हेच माझं दुर्दैव. दिवसभर तुमचं बोलणं ऐकावं लागतं.

भट्टीतून निघून मी इथे आलो तेव्हा बायकांनी मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पहिला दिवा लागला तेव्हा म्हातारी माणसं हात जोडून उभी होती. आता त्याच अंगावर पानाच्या पिचकाऱ्या, वाढदिवसाचे फलक आणि कुणाच्या तरी बोकडाची दोरी. असो. माणसाकडून याहून जास्त अपेक्षा ठेवणाराच मूर्ख.

मला किळस येते ती तुमच्या जिभेची. माझ्या तारांबरोबर गावात 'लाईन' हा इंग्रजी शब्द आला. फुकट मिळाला म्हणून तुम्ही त्याला घाण्याला जुंपलात. वीज गेली की लाईन गेली. नळाचा पाइप म्हणजे लाईन. रेशनच्या दुकानापुढची रांग, तीही लाईनच. केतन माझ्या आडोशाला उभा राहून केस विंचरतो आणि आरोहीच्या खिडकीकडे बघतो, तर म्हणे तो लाईन मारतो! घरात शब्दांची कोठारं भरलेली, आणि हे एका शब्दावर संसार रेटतात. अरे, अक्कल काय रेवदंड्याच्या बाजारात विकून आलात?

यंदा शिमग्यानंतर माझ्यावरची एक तार सैल झाली, म्हणून वायरमन विनेश आला. भला माणूस. समोर परेशशेठचं किराणा दुकान आणि दुकानाला लागूनच विजेची पेटी. विनेशने पेटीतली दांडी खाली ओढून वीज बंद केली आणि शेठला बजावलं, मी वरून सांगितल्याशिवाय लाईन सोडायची नाही. शेठने मान हलवली. मान हलवायला कुठे डोकं लागतं? त्याचा जीव फ्रीजमधल्या वितळत्या आइस्क्रीममध्ये अडकला होता.

विनेश माझ्या डोक्याशी पट्टा बांधून तारेला हात घालून उभा होता. तेवढ्यात दुकानामागच्या नळावर सखुबाईचा धीर सुटला. गावाला पाणी सोडणारा बुधाजी झडपेपाशी निवांत विडी ओढत बसला होता. त्याच्यावर ती खेकसली,

"लाईन सोड रं! हंडा घेऊन कवाची उभी हाय मी."

बुधाजीने झडप फिरवली. आणि परेशशेठने दांडी वर केली.

माझ्याच तारेतून वीज विनेशच्या हातात शिरली. तो पट्ट्याला लोंबकळू लागला आणि मला साधं ओरडताही येईना. शेठने घाबरून दांडी पुन्हा ओढली म्हणून जीव वाचला, पण अलिबागच्या इस्पितळात त्याच्या उजव्या हाताची बोटं कापावी लागली.

मग माझ्या पायाशी पंचायत बसली. शेठ म्हणाला, बाईनेच लाईन सोड म्हटलं. सखुबाई रडत म्हणाली, मी पाण्याचं म्हणत हुते. दोघंही खरं बोलत होती, तेव्हा चूक कुणाचीच नाही असं ठरवून गाव चहाला गेलं. वा रे शहाणे!

आंबे संपता संपता विनेश आला. घरी म्हातारी आई आणि शाळेत जाणारी मुलगी, सगळं त्या एका हातावर चाललेलं. तो हात फडक्यात गुंडाळून तो माझ्या पायाशी बसला. केतन जवळ आला आणि मोठ्या मायेनं विचारू लागला,

"विनेशदादा, आता कुठल्या लाईनला जाणार?"

कामधंद्यालाही तोच शब्द! विनेश नुसता वर तारांकडे बघत राहिला. त्याचे डोळे मला बघवेनात.

मित्रांनो, माझ्यासाठी मला तुमच्याकडून काही नको. पण वर माणूस चढलेला असेल, निदान तेवढा वेळ तरी पाण्याला पाणी म्हणा आणि विजेला वीज.